टँकची ढाल आणि बीपीची गोळी

गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात एक तरुण जोडपं आलं. तो ३१ वर्षांचा, चाकण एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, राहायला बोऱ्हाडेवाडीला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १५६/१०२ निघालं म्हणून बायकोने ओढतच आणलं होतं. (त्याला विचारूनच लिहितोय, आणि ओळख पटणार नाही एवढी काळजी घेतली आहे.)

"सर, मला काहीच त्रास नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मग गोळी कशाला?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा ऐकू येतो. मी नेहमीप्रमाणे झोपेचं विचारलं. म्हणाला, "सेकंड शिफ्ट असली की तीन-साडेतीनला झोपतो."

"शिफ्ट तर साडेअकराला सुटते. बस मोशीत बाराच्या आत येते. मग?"

तो गप्प. बायको म्हणाली, "गेम, दुसरं काय! सुट्टी नाही की खंड नाही. एवढी गोरी माणसं ह्याच्यासाठी खोळंबलेली असतात म्हणे."

"युरोपच्या सर्व्हरवर खेळतो सर," तो ओशाळून म्हणाला. "टँक आहे मी. टँक नसला तर कुणालाच आत जाता येत नाही."

"कुठला टँक? ढालवाला वॉरियर, की अस्वल?"

त्याने चमकून वर पाहिलं. त्याच्या बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते सांगत नाही. बहुतेक डॉक्टर बदलायचा विचार तिथेच झाला असणार.

तर कबुली देतो, मीही खेळतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचा आमच्याकडे अडकला होता, त्याने शिकवलं. गेमचं नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, २००४ साली आलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगभरातले अनोळखी लोक इंटरनेटवरून पाच-पाच जणांची टोळी करतात आणि एखाद्या गुहेत किंवा किल्ल्यात शिरतात. पाचांत तिघे शत्रूला मारणारे, एक सगळ्यांच्या जखमा भरणारा हीलर आणि एक टँक. टँकचं काम शत्रूचं लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायचं, म्हणजे बाकीच्यांना फटके बसत नाहीत. प्रत्येकाच्या नावाशेजारी एक पट्टी असते. फटका बसला की ती कमी होते, संपली की तुम्ही मेलात.

मी हौसेने टँक घेतला. वाटलं, सोपं आहे. उभं राहायचं आणि मार खायचा. घरातला थोरला मुलगा, त्यातून दवाखाना चालवणारा माणूस. हे काम आपल्याला जन्मापासून येतं. पहिल्याच गुहेत चार वेळा मेलो. भाचा म्हणाला, "मामा, तू मार खाण्यात पटाईत आहेस, टँकिंगमध्ये नाही."

त्याने मला जे शिकवलं ते आज मी रुग्णांना सांगतो, त्याचं नाव न घेता. आज घेऊनच सांगतो.

पहिली गोष्ट लक्ष ओढण्याची. टँककडे टाँट नावाची एक आरोळी असते. ती दिली की शत्रू तुमच्याकडे वळतो, पण फक्त काही क्षण. तेवढ्यात तुम्ही त्याला दोन-चार फटके दिले नाहीत, तर तो पुन्हा दुसऱ्याकडे जातो. नवखा टँक आरोळीवर आरोळी देत सगळीकडे धावत सुटतो. अनुभवी टँक आधीच सगळ्या शत्रूंना एकत्र गोळा करतो आणि एका जागी पाय रोवून उभा राहतो.

दुसरी गोष्ट तोंड कुठे करायचं याची. ओनिक्सिया नावाची एक ड्रॅगन आहे, ती तोंडातून आग ओकते आणि शेपटीनेही मारते. टँकने तिचं तोंड बाकीच्यांपासून दूर फिरवून धरायचं असतं. टँक स्वतः नीट जगत असेल, पण उभा चुकीच्या जागी असेल, तर त्याच्यामागची माणसं भाजून निघतात. संसारातही असे टँक मी पाहतो: स्वतः सगळं सोसतात, पण त्यांची चिडचिड, दारू, तंबाखू यांचं तोंड घरच्यांकडे असतं. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तिसरी गोष्ट हीलरची. पुढची झुंड अंगावर घेण्याआधी हीलरची शक्ती किती उरली आहे ते बघायचं. त्याची पट्टी रिकामी असेल तर थांबायचं. हे मला सगळ्यात उशिरा जमलं, कारण मागे वळून बघायची सवयच नव्हती.

आणि चौथी, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसलो: ढाल कधी टाकायची.

वॉरियर टँककडे दोन प्रकारचं संरक्षण असतं. एक छोटी ढाल, ती थोड्या-थोड्या सेकंदांनी सतत लावत राहायची. दुसरी मोठी, ती एकदा वापरली की काही मिनिटं परत मिळत नाही. माझ्यासारखे नवखे काय करतात? पट्टी हिरवीगार दिसतेय ना, मग छोटी ढाल लावायचा कंटाळा करतात. आणि मोठी ढाल 'अडीअडचणीला असू दे' म्हणून जपून ठेवतात. मग बॉस आपला मोठा फटका उगारतो. त्याची सूचनाही पडद्यावर दिसते, दोन-तीन सेकंद आधी. पण आपली पट्टी भरलेली असते, म्हणून आपण निवांत. फटका पडतो, पट्टी एकदम तळाला जाते, आपण गडबडीत बटण शोधतो आणि मरतो. मेल्यावर दिसतं की मोठी ढाल वापरलेलीच नव्हती.

भाचा एक वाक्य सारखं म्हणायचा: "मामा, पट्टी बघून ढाल टाकू नको, फटका बघून टाक."

आता त्या तरुणाकडे परत येतो. मी त्याला विचारलं, "तुझी पट्टी भरलेली आहे आणि बॉसने हात उगारलाय. तू ढाल टाकतोस की नाही?"

"टाकतो सर. नाही टाकली तर बाकीचे शिव्या घालतील."

"मग १५६/१०२ म्हणजे काय वाटतं तुला? उगारलेला हातच आहे तो."

वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलं होतं की जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नाही. त्रास होत नाही याचा अर्थ नुकसान होत नाही असा नाही. हृदयाचे स्नायू जाड होत असतात, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होत असतात, डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होत असतो. गेममध्ये निदान पट्टी दिसते. शरीरात पट्टी नाही. बीपीचं मशिन लावलं तरच ती दिसते. आणि जी गोळी रोज घ्यायची असते ती छोटी ढाल आहे. आयसीयू ही मोठी ढाल. ती कधी मिळेल, वेळेत मिळेल का, हे नाशिक हायवेवरचा ट्रॅफिक ठरवतो.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वडिलांना ५४ व्या वर्षी अर्धांगवायू झाला सर. गावाकडे असतात. गोळ्या होत्या त्यांना. बरं वाटतंय म्हणून बंद केल्या होत्या."

दोन बहिणींची लग्नं, वडिलांचं औषधपाणी, इथल्या फ्लॅटचा हप्ता, सगळं ह्याच्याच अंगावर. टँक तो गेमबाहेरच आधी झाला होता.

मी लगेच गोळी लिहून दिली नाही. एका मोजणीवर निदान करत नाहीत, शिवाय दवाखान्यात भीतीनेही बीपी वाढतं. त्याला घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. मोजायची पद्धत तुम्हीही लिहून ठेवा, कारण निम्मे आकडे चुकीच्या पद्धतीमुळेच चुकतात. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, सिगारेट नको. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसायचं, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून नाही. दंड हृदयाच्या उंचीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर ते बीपीच. (आणि हो, गेम चालू असताना पट्टा बांधायचा नाही. त्याने बांधला होता.)

त्याची सरासरी १४८/९६ आली. एवढ्या कमी वयात बीपी वाढलं की कारण शोधावं लागतं, म्हणून लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉइड, ईसीजी केलं. त्याशिवाय खोदून विचारलं तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. रात्री जागायला एनर्जी ड्रिंकचे दोन कॅन, आणि मनगट दुखतं म्हणून मेडिकलमधून परस्पर घेतलेली दुखण्याची गोळी, जवळजवळ रोज. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवरही ताण येतो, हे लोकांना ठाऊक नसतं. त्या बंद केल्या. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात लोणचं, पापड आणि कॅन्टीनचं फरसाण सगळं आलं. आणि घरचा आकडा, वडिलांचा इतिहास बघून कमी मात्रेची एक गोळी सुरू केली. कुठली ते इथे मुद्दाम लिहीत नाही. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्याची असते.

राहिला प्रश्न रात्रीचा. "गेम बंद कर" असं मी त्याला म्हटलं नाही, यावर त्याची बायको अजून नाराज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगच्या व्यसनाची नोंद आहे, २०२२ पासून ती लागू झाली. पण तिचे निकष कडक आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींच्या आधी गेम, नुकसान दिसूनही खेळत राहणं, आणि साधारण वर्षभर हे चालणं. हा कामाला वेळेवर जात होता, घरी पैसे देत होता. त्याची अडचण घड्याळाची होती. युरोपात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. त्यांचा संध्याकाळचा विरंगुळा म्हणजे ह्याची झोप. आणि झोप कमी झाली की बीपी वाढतं, मग गोळीलाही काम जास्त पडतं.

त्याला मी गेमचीच भाषा सांगितली. मोठ्या लढायांत दोन टँक असतात. बॉस पहिल्या टँकवर एक शाप चढवत जातो, प्रत्येक फटक्याला तो वाढतो. ठरावीक संख्या झाली की दुसऱ्या टँकने आरोळी देऊन बॉस स्वतःकडे घ्यायचा, पहिल्याने बाजूला होऊन शाप उतरू द्यायचा. जो टँक 'मी आहे ना' म्हणून जागा सोडत नाही तो मरतो, आणि त्याच्यामागे सगळे.

हे सांगताना मी जरा अडखळलो, कारण एप्रिल २०२१ मध्ये मी तेच करत होतो. दुसरी लाट होती, बेड मिळत नव्हते, फोन रात्रभर वाजायचा आणि मी प्रत्येक फोन घ्यायचो. एका पहाटे जिन्यात पाय लटपटले. बायकोने माझंच मशिन माझ्या दंडाला बांधलं: १७२/१०८. रोज पन्नास लोकांचं बीपी मोजणाऱ्या माणसाने स्वतःचं वर्षभर मोजलं नव्हतं. माझी गोळी तेव्हापासून सुरू आहे. त्यानंतर आम्ही दोघा मित्र-डॉक्टरांनी रात्री वाटून घेतल्या. मी फोन बंद केल्याने मोशीत काही अडलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

अडीच महिन्यांनी तो आला, यावेळी बायकोने ओढून आणलेलं नव्हतं. घरची सरासरी १२८/८२. एनर्जी ड्रिंक सुटलंय, तंबाखू अजून नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात आता शेवटचे दोन बॉस दुसरा टँक घेतो, तो पोलंडचा आहे म्हणे. हा एक वाजता लॉग आऊट होतो. वडिलांच्या गोळ्याही पुन्हा सुरू झाल्यात; रोज सकाळी बसमधून फोन करून विचारतो.

जाताना म्हणाला, "सर, रविवारी दुपारी या ना एकदा. तुम्ही टँक, मी हीलर." मी गेलो. तिसऱ्या झुंडीला दवाखान्यातून फोन आला, मी तो घेतला आणि मेलो. पुढच्या तपासणीला त्याला क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन बोलावलंय, तेव्हा यावर तो काहीतरी बोलणारच.