परत आलेली साडी

मानोरा तालुक्यातील आमचे इंझोरी हे गाव कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर जगणारे. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असते तोवर मजुराच्या हाताला काम असते. उन्हाळा लागला की हात रिकामे. 2020 साली टाळेबंदी आली आणि पुण्या-मुंबईला पोट भरायला गेलेली माणसे गावी परतली, तेव्हा तर घराघरांतील डबे खडखडले. आमच्या मंडळाने ठरविले की, विहारातर्फे धान्य आणि कपडे वाटायचे. जात-धर्म पाहायचा नाही, शेजारी उपाशी आहे एवढेच पाहायचे. आम्ही कारकून माणूस. हिशेबाची वही आमच्याकडे आली. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल आणि प्रत्येक घरी एक साडी. सारे ठरल्याप्रमाणे पार पडले. पोरांनी मोबाइलवर फोटो काढले, आम्हीही हात पुढे करून उभे राहिलो.

तिसऱ्या दिवशी एक बाई आमच्या दारात आली. हातात तीच साडी, घडीसुद्धा न मोडलेली. म्हणाली, "भाऊ, साडी चांगली हाये. पण तो फोटो माह्या पोरीच्या वर्गाच्या ग्रुपवर गेला. पोरगी दोन दिवस जेवली नाई. धान्य शिजवलं, ते काई वापस देता येत नाई. साडी तेवढी ठेवून घ्या."

आम्ही काय उत्तर देणार? ओट्यावर साडी ठेवून ती निघून गेली.

त्या रात्री आम्हाला आमचा चौथीतला सदरा आठवला. आई ज्यांच्या वावरात निंदायला जात असे, त्यांच्या मुलाचा तो उतरलेला सदरा. वर्गात त्या मुलाने सर्वांसमोर बोट दाखवून "हा माझा सदरा आहे" म्हटले. त्यानंतर तो सदरा आम्ही कधी घातला नाही. आईचा मार खाल्ला, पण घातला नाही. आणि बी.कॉम. होऊन, सामाजिक कार्यकर्ता म्हणवून घेऊन, आम्ही दुसऱ्याच्या लेकराला तेच केले! फरक इतकाच की, त्या मुलाने एका वर्गात बोट दाखविले आणि आम्ही ते गावभर दाखविले.

दान कसे करावे हे आम्ही पाहिले नव्हते असे नाही. नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षे आम्ही एका शहरात भाड्याच्या खोलीत राहत होतो. शेजारी एक छोटेसे चर्च होते. दर शनिवारी तेथे वरण-भात शिजे आणि मागच्या खोलीत कपडे मिळत. आम्हाला प्रथम संशयच आला. खिडकीतून पाहत राहायचो, की आता धर्माची चिठ्ठी कधी हातात पडते! पण तेथे वेगळेच दिसले. जुने कपडे धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून मापाप्रमाणे दोरीवर टांगलेले असत. फाटके कपडे वाटायचे नाहीत, त्यांच्या गोधड्या शिवायच्या. आलेला माणूस स्वतः निवडून घेई. तेथील एक वयस्क बाई विचारीत, "ताई, रंग कोणता आवडतो तुम्हाला?" वाढणारे लोक शेवटी त्याच पंगतीत बसून तेच वरण-भात खात. आम्ही एकदा धीर करून विचारले, "तुम्ही यांना तुमचा धर्म सांगत नाही का?" बाई म्हणाल्या, "कोणी विचारलं तर सांगते. भुकेल्याला आधी जेवू द्यावं."

वाचकहो, ख्रिस्ती मंडळींच्या अशा कामाचा महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि थोरली बहीण 1870 च्या दशकातील दुष्काळात अन्नाअभावी गेले. ती भूक त्या विसरल्या नाहीत. 1897 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी तेथून शेकडो उपाशी मुली व विधवा आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांना आसरा दिला. तेच मुक्ती सदन. तेथे अन्न-वस्त्र तर मिळालेच, पण त्या मुली शिकल्या, शेती केली, कापड विणले, छापखाना चालविला. रमाबाई 1922 साली वारल्या, पण त्यांची संस्था अजून उभी आहे. अन्नाबरोबर धर्म दिला, अशी टीका त्यांच्यावर त्या काळीही झाली, आणि तो प्रश्न टाळण्यासारखा नाही. पोटासाठी बदललेला धर्म माणसाला उभे करीत नाही, हे आपण जाणतो. 1956 साली आपले आजी-आजोबा नागपूरला गेले ते कोणाच्या अन्नासाठी नव्हे; पदरची भाकर बांधून, पांढरी वस्त्रे नेसून गेले. परंतु मिंधे केल्याशिवायही मदत करता येते, हे त्या चर्चच्या बाईंनी आम्हाला दाखविले होते, हेही तितकेच खरे.

आपल्या लोकांना अन्न आणि वस्त्र यांचा प्रश्न इतरांपेक्षा जास्त का झोंबतो? कारण मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवले होते, की शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत. जे उरले, जे नकोसे झाले, ते त्याचे! पिढ्यान् पिढ्या आपल्या आया-आज्यांनी दारोदार शिळ्या भाकरीचे तुकडे मागून आणले. म्हणूनच मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्यास सांगितले आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्याच महाडमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले. जगभर नाताळ साजरा होतो त्याच दिवशी आपण तो दिवस पाळतो. साडी परत करणारी ती बाई आपल्या समाजाची नव्हे, महाडचे नावही तिने ऐकले नसेल. पण त्या दिवशी महाडचा धडा तिनेच आम्हाला शिकविला.

मग दान करूच नये काय? तसे नाही. दान ही दहा पारमितांतील पहिली पारमिता. श्रावस्तीच्या सुदत्ताला लोक अनाथपिंडिक म्हणत, म्हणजे अनाथांना अन्न देणारा. आळवी नगरीची गोष्ट तर प्रत्येक विहारात सांगावी अशी आहे. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो दिवसभर शोधून थकला, भुकेला होता, तरी उपदेश ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले, मग धम्म सांगितला. आपल्या वऱ्हाडातील गाडगेबाबांनीही भुकेल्याला अन्न आणि उघड्यानागड्याला वस्त्र हाच धर्म सांगितला. आणि अन्नाइतकेच शिक्षणालाही महत्त्व दिले. 1949 साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

आम्ही मंडळाच्या बैठकीत ती साडी पुढे ठेवली आणि घडलेले सर्व सांगितले. काही जण रागावले. "फोटो नाही काढला तर पैसे देणाऱ्यांना काय दाखवायचे?" हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आम्ही म्हटले, "वही दाखवू. किती पोती आली, किती गेली, पै न् पै लिहू. घेणाऱ्याचा चेहरा दाखविणार नाही." शेवटी सर्वांनी मान्य केले. आता विहाराच्या मागच्या खोलीत दोरी बांधली आहे. कपडे धुऊन, मापाने टांगलेले असतात. संध्याकाळी दार उघडे असते. ज्याला हवे त्याने यावे, निवडावे, न्यावे. आपण स्वतःच्या लेकराला घालणार नाही असा कपडा घ्यायचा नाही, हा नियम. पौर्णिमेचे जेवण सर्वांनी एका पंगतीत. ज्याला जमते तो धान्य देतो, ज्याला जमत नाही तो भांडी घासतो. त्यामुळे देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ओळखू येत नाही.

ती बाई पुढे एक दिवस आली. कपडे न्यायला नव्हे. "मले शिलाई येते," एवढेच म्हणाली आणि मशीनवर बसली. आता बटणे आणि फाटलेल्या शिवणी तीच पाहते. जाताना एकदा तिने मुलीसाठी एक फ्रॉक निवडून नेला. आम्ही तिकडे पाहिले नाही.

बंधु-भगिनींनो, बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले होते. तो अवश्य द्या. परंतु देताना एकदा स्वतःला विचारा, हे मी घेतले असते काय? आणि असे घेतले असते काय?

ती परत आलेली साडीही आम्ही त्या दोरीवर टांगली होती. एके दिवशी पाहिले तर दोरीवर ती नव्हती. कोणी नेली, ते वहीत लिहिलेले नाही.

जयभीम!