तुंबाडमध्ये मांत्रिक नाही

‘तुंबाड’वर खूप लिहून झालंय. पाऊस, वाडा, म्हातारी, हस्तर, सगळं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. तरीही पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे शेवटासकट सगळं येणार आहे. पोस्ट कुठे पळून जात नाही.

मला बोलायचंय ते या सिनेमात नसलेल्या एका माणसाबद्दल. गुप्तधनाची गोष्ट, तीही महाराष्ट्रातली, आणि तिच्यात मांत्रिक नाही! अमावास्येला बोलावलेला बाबा नाही, अंजन घालणारा नाही, कोंबडं नाही. जे काय होतं ते एका घरात, घरच्यांच्याच हातून होतं. वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या केल्यावर ही गोष्ट चटकन डोळ्यांत भरते.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे. मराठी लेखक अनिल बर्व्यांचा मुलगा. सिनेमा हिंदी, पण मुळात नारायण धारपांच्या एका कथेने त्याला धरलं आणि मग वर्षानुवर्षं सोडलं नाही. धारप वाचलेल्यांना माहीत आहे, त्यांच्याकडे भीती बहुतेक वेळा बाहेरून येत नाही. ती घरातच एखाद्या खोलीत बसलेली असते आणि तिला वेळच्या वेळी जेवायला द्यावं लागतं.

आता रचना बघा. तीन भाग आहेत. १९१८, १९३३ आणि १९४७. पहिल्या भागात विनायक लहान आहे. आई सरकारांच्या वाड्यावर राबते, एका सोन्याच्या मोहरेच्या आशेवर. घरात साखळीने बांधलेली म्हातारी. ती जागी झाली तर काही खरं नाही, म्हणून तिला झोपवायचं, आणि झोपवायचं कसं तर हस्तरचं नाव घेऊन. ‘झोप, नाहीतर हस्तर येईल.’ आपल्याकडे पोरांना बागुलबुवा सांगून झोपवतात. इथे ते उलटं करून टाकलंय. पोरगं म्हातारीला झोपवतंय. धाकटा भाऊ सदाशिव झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन धावते, आणि त्या रात्री विनायक म्हातारीसमोर एकटा सापडतो. ते नाव आठवतं म्हणून वाचतो. सदाशिव वाचत नाही. आई विनायकाला घेऊन पुण्याला निघते आणि वचन घेते, तुंबाडला परत यायचं नाही.

म्हणजे पहिल्या भागात भीती ही कामाची गोष्ट आहे. तिच्यामुळे पोरगं जिवंत राहिलं. आईचं वचनही तेच सांगतं, घाबर, लांब राहा.

दुसऱ्या भागात तो परत येतोच. पंधरा वर्षांनी. म्हातारी अजून आहे, अंगातून झाड उगवलंय, मरण येत नाही. इथे सौदा होतो. ती खजिन्याचं गुपित सांगणार, बदल्यात त्याने तिला जाळून मोकळं करायचं. पुढे विनायक पिठाच्या बाहुल्या घेऊन विहिरीत उतरायला शिकतो. हस्तर भुकेला आहे, त्याला सोनं मिळालं पण धान्य नाही. तो बाहुली खात असतो तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मूठभर मोहरा ओढायच्या, पिठाच्या रिंगणात सांभाळून राहायचं आणि वर यायचं. हा प्रसंग पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. नंतर मात्र विनायकाचं जाणं-येणं असं होतं जसं कुणी बाजाराला जाऊन येतं. पटकथेतली मला सगळ्यात हुशार वाटलेली गोष्ट हीच. राक्षस तोच, विहीर तीच, फक्त भीतीची जागा सवयीने घेतलेली आहे. सिनेमा पुढे सरकतो तसा हस्तर कमी भयंकर आणि विनायक जास्त भयंकर होत जातो. राघव सावकाराला तो ज्या थंडपणे विहिरीत अडकवतो, तिथे आपल्याला हस्तरची आठवणही राहत नाही.

तिसरा भाग बापाचा. १९४७. पांडुरंग चौदा-पंधराचा, आणि बाप त्याला तालीम देतोय. दोराने उतरायचं कसं, हात कधी घालायचा, किती वेळात बाहेर यायचं. सुताराने पोराला रंधा धरायला शिकवावा तसं. आईने विनायकाला भीती दिली होती. विनायक आपल्या पोराला ती मोडून काढायचं शिकवतो, आणि त्यालाच वारसा म्हणतो. पोरगं पोरच आहे, पहिल्याच खेपेला नको सांगितलेली बाहुली सोबत घेऊन उतरतं आणि दोघांचा जीव जायची वेळ येते. पण लवकरच तो बापाच्या पुढे जातो. वाडा आता सरकारजमा होणार, खेपा घालायला वेळ नाही, मग सगळा लंगोटच का पळवू नये? ही कल्पना बापाची नाही, पोराची आहे. खूप बाहुल्या नेल्या की हस्तर बराच वेळ खात बसेल. हिशोब सरळ. प्रत्यक्षात जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात.

(मध्येच एक कायद्याची गंमत. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट म्हणतो, जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवा. तो कायदा १९१८ लाही होता, १९३३ लाही. विनायकरावांनी एकदाही कळवलेलं दिसत नाही.)

शेवटी विनायक सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून दोरावर चढतो. हस्तर त्याच्या मागे, पोरगं वाचतं. लोक म्हणतात, इथे त्याच्यातला बाप जागा झाला. मला तसं एवढं सोपं वाटत नाही. कारण नंतर सडलेल्या अंगाने तो पोरासमोर येतो तेव्हा हातात तो लंगोट असतोच. मरता मरताही तो पोराला तेच देऊ करतो, कारण त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नाही. जीव लावणं आणि नासवणं एकाच हाताने चाललंय. पांडुरंग घेत नाही. तो हस्तरचं नाव घेऊन बापाला झोपवतो आणि पेटवतो.

आता ही तीन जाळणी शेजारी ठेवा. म्हातारीला जाळलं ते गुपिताच्या मोबदल्यात. राघवला जाळलं ते त्याला तिथवर पोचवूनच. बापाला जाळताना मात्र पांडुरंगाला काही मिळत नाही, उलट हातात आलेलं तो सोडतो. तीच कृती तीनदा आणि दर वेळी किंमत वेगळी. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. पांडुरंग आणि ती म्हातारी, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्यात. झोपवणारा तोच, झोपवली जाणारीही तोच.

माझ्या धंद्यात गुप्तधनाची बातमी साच्यातली असते. ‘गुप्तधनासाठी अघोरी पूजा, मांत्रिकासह पाच ताब्यात.’ पंचनाम्यात नारळ, हळद-कुंकू, पहार, कुदळ. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या निमित्ताने होणारे अमानुष प्रकार स्पष्ट लिहिलेत, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कायदा हवाच होता आणि आहे. पण बातमीत फोटो मांत्रिकाचा छापतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं बाहेरचा एक भामटा आला आणि भोळ्या घराला फसवून गेला. त्याला फोन कुणी केला, हे तिसऱ्या परिच्छेदातसुद्धा येत नाही.

आमच्याकडच्या अशाच एका प्रकरणात खड्डा घरातच होता, देवाच्या खोलीत. कंबरभर खोल. शाळेत जाणारा मुलगा काठावर बॅटरी धरून उभा होता. त्याला तिथे आणायचं कारण तो पायाळू. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं असं आपल्याकडे अजून मानतात, आणि पोरगं पायाळू आहे हे मांत्रिकाला त्याच्या आजीने आपणहून सांगितलं होतं. पोलीस आले ते शेजाऱ्याने कळवल्यावर.

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर बसला होता. मी विचारलं, रात्री भीती नाही वाटली का रे?

‘पप्पा होते ना,’ म्हणाला.

हे वाक्य बातमीत कुठे बसवणार? पण तुंबाड दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा तेच डोक्यात घोळत होतं. सिनेमा सुरू होतो तोच मुळी बाप पोराला गोष्ट सांगतोय तिथून. देवी, तिचा पहिला मुलगा हस्तर, त्याची हाव, इतर देवांनी त्याच्यावर केलेला हल्ला. विनायक ही गोष्ट कामाची माहिती म्हणून सांगतो. गिऱ्हाईक कसं आहे, त्याचं दुखणं काय, कुठे हात घालायचा. पांडुरंगाने तीच गोष्ट ऐकली, आणि कधीतरी, कुठल्यातरी खेपेला, त्याच्या कानात ती वेगळी वाजायला लागली असणार. कधी, ते सिनेमा दाखवत नाही. काहींना ही पटकथेतली उणीव वाटते. मला वाटतं ते बरोबरच केलंय. बापाचं काय ऐकायचं आणि काय सोडायचं हे पोरं बसून ठरवत नाहीत, आणि बापाला ते कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

त्या घरात आता नवी फरशी बसलीय. मांत्रिक जामिनावर आहे, वडीलही. खटल्याला तारखा पडतायत. मुलगा यंदा दहावीला. साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव नाही.