नाडी आणि पट्टी

आमच्या कन्येचें लग्न ठरत आलें तेव्हां पत्रिका आम्ही स्वतः ताडून पाहिल्या. अठ्ठावीस गुण जमले, नाडी भिन्न निघाली, आणि आम्ही निर्धास्त झालों. एकनाडी असली तर संततीला धोका, हें लहानपणापासून ऐकत आलेलों. तो धोका टळला होता. शिवाय भावी व्याह्यांजवळ, 'आमच्या कुळांत खोट म्हणून सांपडावयाची नाहीं,' असें एक वाक्यहि आम्ही टाकून बसलों होतों. त्यामुळें, "बाबा, पत्रिका झाल्या; आतां रक्त तपासून घेऊं," असें कन्या म्हणाली तेव्हां आम्हांला तो अपशकुनच वाटला.

ती पहिल्यापासून फिकट. एका डॉक्टरांनीं तिला वर्षानुवर्षें लोहाच्या गोळ्या चारल्या; गोळ्या संपल्या, फिकटपणा तसाच राहिला. आतां नव्या डॉक्टरीणबाईंनीं हिमोग्लोबिनचें इलेक्ट्रोफोरेसिस करावयास सांगितलें. नांव भारी, परंतु युक्ति सोपी आहे. हिमोग्लोबिन आपल्या डोळ्यांना एकच. लाल तें लाल. पण त्यांत दोन-तीन जाति मिसळलेल्या असतात, आणि प्रत्येकीवर विजेचा भार कमीअधिक असतो. रक्तपेशी फोडून काढलेल्या द्रवाचा थेंब ओल्या पट्टीवर ठेवून वीज सोडली कीं त्या धन टोकाकडे चालूं लागतात. 'ए' ही मुख्य जात पुढें निघून जाते. 'ए-टू' मागें रेंगाळते.

स्वीडनांत आर्ने टिसेलियस यांनीं १९३७ सालीं याच तत्त्वावर रक्तद्रवांतील प्रथिनांचे अल्ब्युमिन आणि आल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन असे गट दाखवून दिले; १९४८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र त्यांचें काम मोकळ्या द्रवांत चाले, म्हणून मधले घटक एकमेकांवर चढत, पुरते सुटे होत नसत. पुढें टोरांटोंत ऑलिव्हर स्मिथीज यांना आठवलें कीं लहानपणीं आई कपड्यांना लावी ती खळ निवली म्हणजे घट्ट होत असे. त्यांनीं बटाट्याच्या खळीची वडी केली व तींतून वीज सोडली. ही रीत १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. आमच्या घरीं तीन पिढ्या खळ शिजत होती. कोणाला कांहीं सुचलें नाहीं! विरळ नमुना आधीं एका बारीक रेघेंत गोळा करावयाचा आणि मग वेगळा करावयाचा, ही तोड ऑर्नस्टाइन व डेव्हिस यांनीं १९६४ सालीं काढली. वेगवान क्लोराइड पुढें, मंद ग्लायसीन मागें, आणि दोहोंच्या चिमटींत प्रथिनें.

कन्येच्या पट्टीवर ए-टूची रेघ जाड उमटली होती. माप ५.२ टक्के. साडेतीनाच्या वर गेलें कीं बीटा थॅलसेमियाचा अंश अंगांत असल्याचा संशय बळावतो. तो अंश एकट्यानें जन्मभर बाळगला तरी फारसें बिघडत नाहीं. परंतु पतिपत्नी दोघांतहि असला तर दर खेपेस चारांत एक या मानानें असें मूल होण्याचा संभव, कीं ज्याला आयुष्यभर दुसऱ्याचें रक्त देत राहावें लागतें. खरी एकनाडी ती ही!

"आईबापांपैकीं एकाकडून तरी हें आलेलें असतें," बाई म्हणाल्या. आमची नजर साहजिकच सौभाग्यवतींच्या माहेराकडे वळली. तिकडे एक मावशी फिकट होत्या. दोघांचेंहि रक्त तपासणीस गेलें. त्यांचें माप २.६ आलें, आमचें ५.४. परत येतांना रिक्षांत त्या एक शब्दहि बोलल्या नाहींत, आणि तेंच आम्हांला अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं तो कागद घेऊन आम्ही व्याह्यांकडे गेलों व खोट आमच्याकडचीच असल्याचें सांगितलें. ते घटकाभर गप्प राहिले. मुलानें मात्र बाही वर सारून विचारलें, "कोठें जावयाचें?" त्याचें माप २.८ आलें. लग्न वैशाखांत आहे.

एक पत्र अजून लिहावयाचें राहिलें आहे. आमचे धाकटे बंधु नागपुरास असतात. त्यांचे दोन मुलगे लग्नाचे आहेत, आणि त्यांतला धाकटा लहानपणापासून फिकट आहे.