नखांवरचा रंग

आमचे बाबा चिपळूणकडच्या एका कातभट्टीवर कामाला होते. आम्ही चार भावंडे. बाबांची नखे कायम तांबडी-काळी. राखेने घासली, चिंचेने घासली, तरी तो रंग जात नसे.

कात म्हटला की लोकांना विडा आठवतो. भट्टी कुणी पाहिलेली नसते. खैर तोडायचा, साल आणि वरचे पांढरे लाकूड काढून टाकायचे, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या करायच्या. त्या पाण्यात तासन्‌तास उकळायच्या. काढा गाळून पुन्हा आटवायचा. तो थंड झाला की कात खाली बसतो, त्याच्या वड्या पाडतात. मागे उरलेल्या काळपट तुरट रसात पूर्वी कापड रंगवीत, कातडी कमावीत. मासेमारीची जाळीही अशा रसात बुडवून काढीत, म्हणजे खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजत नसत. तुरटपणा हाच त्याचा गुण. तो कातड्याला धरून बसतो आणि त्याला सडू देत नाही. मग माणसाच्या नखांना तो कसा सोडील?

दादा सातवीत असताना शाळेत त्याला बक्षीस मिळायचे होते. आदल्या रात्री आम्हीच म्हणालो, "बाबा, उद्या हात खिशात ठेवा हां." बाबा काही बोलले नाहीत. सकाळी ते नेहमीसारखे भट्टीवर निघून गेले. बक्षीस घेताना दादा सारखा दाराकडे बघत होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी वर्षावासात आम्ही विहारात बसलो होतो. भन्तेजी विनयपिटकातील महावग्ग समजावून सांगत होते. आरंभी भिक्खू शेणाने आणि पिवळट मातीने चीवर रंगवीत, पण रंग चांगला येत नसे. तेव्हा भगवंतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा प्रकारच्या रंगांना अनुमती दिली. रंग शिजला की नाही, हे कसे ओळखायचे? त्याचा एक थेंब पाण्यात टाकून पाहावा, नाहीतर नखावर.

'नखावर' हा शब्द कानी पडताच आम्ही भावंडांनी एकमेकांकडे पाहिले. कषाय म्हणजे तुरट, कषाय म्हणजे काढा. चीवराच्या रंगाला काषाय म्हणतात तेही त्यावरूनच. ज्या रंगापुढे आम्ही हात जोडत होतो, तसाच लाकूड उकळून काढलेला रंग आमच्या बाबांच्या नखांवर होता. आणि तोच आम्ही त्यांना लपवायला सांगितला होता.

बाबा तेव्हा हयात नव्हते. चूक कबूल करायला आम्हाला उशीर झाला.

बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात कुणाचे हात कामाने रंगले असतील, तर तो रंग कशाचा हे मुलांना सांगा. आणि शाळेच्या समारंभात त्या माणसाला पुढच्या रांगेत बसवा.