होईल संवय!

'होईल संवय!' परवां एका तरुण सहाध्यापकाला मीं धीर दिला. शिफारस आली कीं परीक्षेचे गुण वाढतात, हें पाहून तो संतापला होता. तीस वर्षांपूर्वीं मीहि असाच संतापलों होतों. आतां मला त्याचें कांहीं वाटत नाहीं. आणि या न वाटण्यालाच मी अनुभव म्हणत आलों आहें.

त्याच रात्रीं टॉमकॉड नांवाच्या माशाची हकीकत वाचनांत आली. थोरल्या कॉडच्या कुळांतला हा ठेंगू. फार तर सव्वा फूट लांब. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत तो राहतो आणि ऐन हिवाळ्यांत नद्यांत चढून बर्फाखालीं अंडीं घालतो. त्याच्या रक्तांत गोठूं न देणारें द्रव्य असतें. क्वेबेक प्रांतांत तर एका गोठलेल्या नदीच्या पाठीवर लांकडी खोपटांचें गांवच वसवून लोक त्याच्यासाठीं गळ टाकून बसतात.

हडसन नदींतल्या टॉमकॉडची कथा मात्र निराळी आहे. १९४७ पासून सुमारें ३० वर्षें विजेचीं उपकरणें करणाऱ्या दोन कारखान्यांनीं तिच्यांत पीसीबी नांवाचें विष सोडलें. तें १३ लाख पौंडांपर्यंत असावें असा अंदाज आहे. तरीहि हा मासा तेथें टिकला. २०११ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें इंगित उकललें. शरीरांतील ज्या प्रथिनाच्या द्वारें हें विष आपला प्रताप दाखवितें, त्या प्रथिनांतले दोनच दुवे येथील टॉमकॉडांत गळालेले आहेत. विष शरीरांत शिरतें, पण त्याची पकड बसत नाहीं.

'शाबास!' म्हणून मी दिवा मालवणार होतों. तो मासा मला माझा सोयराच वाटला. पण हकीकत तेथें संपत नव्हती. टॉमकॉड मरत नाहीं म्हणून विष नाहींसें होत नाहीं. तें त्याच्या अंगांत सांचत जातें, आणि जो मोठा मासा त्याला गिळतो त्याच्या पोटांत उतरतें. याचें जगणें दुसऱ्याच्या जिवावर येतें.

मग झोंप आली नाहीं. तीस वर्षें अंगांत मुरलेलें असेंच कांहीं मीं परवां त्या तरुणाच्या पानांत वाढलें होतें, आणि तेंहि वडिलकीच्या प्रेमळ सुरांत!

उद्यां परीक्षा-मंडळाची सभा आहे. तेथें त्याला एकट्याला बोलावें लागूं नये, एवढें मीं ठरविलें आहे. गळालेले दुवे माणसाला पुन्हा जोडतां येतात कीं नाहीं, तें उद्यां कळेल.