हाकेला ओ कोणी द्यायची?

मंडईत उभं राहून "शेखभाई!" अशी हाक मारली, तर चार गाळ्यांवरून चार माना वळतात. आपल्याला हवा असतो लिंबूवाला, आणि "बोला" म्हणतो भलताच कुणी. माणसांत यानं फार बिघडत नाही, हसून आपण पुढे जातो. कॉम्प्युटरच्या आत नावांचा असाच घोळ झाला, तर चालू गेम मध्येच बंद पडतो.

माझा भाचा लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर काम करतो. "खाला, सध्या आम्ही नावं लपवतोय," असं तो म्हणाला तेव्हा मला नवल वाटलं. ज्याचा सगळा कोड जगाला वाचायला खुला, तिथे लपवालपवी कसली?

लिनक्सवर 'मेसा' नावाची ग्राफिक्स लायब्ररी असते. ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये तिचं काम सुरू केलं आणि 1995 मध्ये ती लोकांच्या हाती आली. गेमनं "इथे त्रिकोण काढ" म्हटलं की ग्राफिक्स कार्डाकडून तो काढून घेणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. आत हजारो फंक्शनं, आणि प्रत्येकाला नाव. या नावाला सिम्बॉल म्हणतात. 'जीएल-क्लिअर', 'जीएल-ड्रॉ-अ‍ॅरेज' यांसारखी नावं बाहेरच्यांनी हाक मारावी म्हणूनच ठेवलेली असतात. बाकीची घरातली.

अडचण अशी, की प्रोग्रॅम सुरू होताना त्यानं घेतलेल्या लायब्रऱ्यांची उघडी नावं साधारणपणे एकाच चौकात येतात. हाक गेली की शोधाच्या क्रमात जो आधी सापडेल, तो ओ देतो. ड्रायव्हर हाक मारतो आपल्याच घरच्याला आणि उत्तर देतो गेमबरोबर आलेला त्याच नावाचा पाहुणा. मेसाचे काही ड्रायव्हर 'एलएलव्हीएम' हे कंपायलरचं सामान वापरतात. एखादा प्रोग्रॅमही आपलं एलएलव्हीएम घेऊन आला, तेही दुसऱ्या आवृत्तीचं, की नावं तीच आणि स्वभाव वेगळे. अशानं प्रोग्रॅम खरोखर कोसळत.

2005 मध्ये आलेल्या जीसीसी 4.0 या कंपायलरनं यावर सोपी सोय दिली. सगळी नावं आधी झाकायची, मग बाहेर द्यायची तेवढ्यांवरच खूण करायची. त्याआधीची रीत उलटी होती. काही सांगितलं नाही, तर सगळंच उघडं. आता मेसामध्ये बाहेर दिसणारी नावं यादीशी ताडून पाहणारी स्क्रिप्टही आहे. यादीबाहेरचं नाव दिसलं, की चाचणी नापास.

यात आणखी एक फायदा आहे, आणि तो आपल्या मंडईकडे पाहून चटकन कळतो. ही इमारत 1886 मध्ये 'रे मार्केट' म्हणून उघडली. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे तिला नाव मिळालं ते त्यांचंच. पाटी बदलली, तरी रिक्षावाल्याला "मंडई" म्हटलं की पुरतं. 2024 मध्ये सुरू झालेल्या मेट्रो स्टेशनच्या नावातही 'मंडई' आहेच. लोक ज्या नावावर विसंबतात ते मोडता येत नाही. आतला कांद्याचा गाळा इकडचा तिकडे गेला, तर रिक्षावाल्याचं काहीच अडत नाही. उघडं नाव म्हणजे दिलेला शब्द. झाकलेलं नाव कधीही बदलता येतं.

आणि झाकणं म्हणजे बंद करणं नव्हे. एनव्हिडियानं 2022 मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण ओपनजीएलचं काम करणारा भाग बंदच ठेवला. तिथे वाचायलाच मिळत नाही. मेसाचं झाकलेलं फंक्शन मात्र कुणीही उघडून वाचावं, त्यातली चूक दाखवावी. ते फक्त परक्या हाकेला ओ देत नाही.

वर्गात मला हा फरक रोज लागतो. हजेरीत दोन सना शेख असतात. घरी एक 'बब्बी', दुसरी 'गुड़िया'. ती नावं मी वर्गात पुकारत नाही, ती त्यांच्या घरची आहेत. पण 'माझे घर' या निबंधात एखादी मुलगी 'अम्मी' लिहिते, खोडते, वर 'आई' लिहिते. कुणी तिला सांगितलेलं नसतं. हे झाकणं वेगळं. इथे यादी तिनं केलेली नाही, बाहेर काय चालेल याच्या धास्तीनं केली आहे.

मी खोडलेल्या शब्दाखाली टिंबं देते. प्रूफ वाचणारे देतात तशी. त्याचा अर्थ, हा शब्द राहू द्या. मग तिला विचारते, "तुला कोणता ठेवायचाय?" ती 'आई' म्हणाली तरी माझी हरकत नसते. यादी तिची असली म्हणजे झालं.