पाण्याखालची बाग

गोंदिया शहरास लागूनच असलेल्या कुडव्यास आमचें बिऱ्हाड आहे. अंगणांत तुळस, जास्वंद, पारिजातक आणि भाजीचे चार वाफे, एवढीच आमची बाग. पण तिचा अभिमान आम्हांस थोडा नाहीं. त्यामुळें, आपल्याच जिल्ह्यांत दक्षिणेकडे कांहीं मंडळी तळ्याच्या तळाशीं बाग लावतात असें एका स्नेह्यानें सांगितलें, तेव्हां घरांत हंशा पिकला. पाण्यांतलें गवत उपटावयाचें असतें, लावावयाचें नसतें, असें वहिनींचें ठाम मत पडलें. तें पडताळून पाहण्यासाठीं उन्हाळ्यांत एके सकाळीं आम्ही तिघें चांदाफोर्टाकडे जाणाऱ्या गाडींत बसलों आणि सौंदड मागें टाकून अर्जुनीस उतरलों.

हा मुलूखच तळ्यांचा. गोंड राजांच्या काळीं कोहळी कुटुंबांनीं जमिनीचा उतार हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचें पाणी अडविलें. नवेगांवबांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नांवानें ओळखला जातो. तळ्याचें पाणी पाटानें धानाच्या बांधींत जाई, आणि मासे धरण्याचें काम ढिवरांचें. पुढें १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली व तळीं सरकारकडे आलीं. आमच्या आजोळींही एक लहानशी मालगुजारी होती. ती गेली याची आम्हांस हळहळ नाहीं. जाणें न्याय्यच होतें. परंतु दरसाल पाळीवर माती घालणारा, गाळ काढविणारा असा तळ्याचा कोणी वाली उरला नाहीं, हेंही तितकेंच खरें. गाळ साचला, कांठावर बेशरम माजली, शेतांतलीं खतें वाहून आलीं. त्यांत भर म्हणून उत्पन्न वाढविण्यासाठीं बाहेरचे मासे सोडण्यांत आले. त्यांतला गवत्या मासा वनस्पती खातो, तर सिप्रिनस चिखल उकरून त्यांचीं मुळें उखडतो. पाणवनस्पती गेल्या, आणि ज्यांच्या आडोशानें देशी मासे अंडीं घालीत ते आडोसेच नाहींसे झाले. मरळ, शिंगी दिसेनाशीं झालीं आणि ढिवरांचीं जाळीं रिकामीं येऊं लागलीं. आमच्यासारख्या मासे न खाणाऱ्या घरांस ही वार्ता कळण्याचें कारणच नव्हतें!

'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'चे मनीष राजनकर यांनीं या प्रश्नाचें उत्तर ढिवरांच्याच वृद्धांकडे शोधलें. कोणतें गवत कोठें वाढतें, कोणत्या माशास कोणतें मानवतें, हें सारें या लोकांस तोंडपाठ होतें. अर्जुनीचे पतिराम तुमसरे हे त्या जाणकारांपैकींच एक. निमगांवच्या शालू कोल्हे यांनीं पुढें स्त्रियांस या कामीं एकत्र आणलें, आणि पूर्वीं मासळी विकण्यापुरताच तळ्याशीं संबंध असलेल्या या बायका पाण्यांत उतरल्या.

कामाची रीत अशी. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं बेशरम मुळासकट उपटावयाची. कोरडा पडलेला तळ नांगरून भुसभुशीत करावयाचा. मग ज्या तळ्यांत अजून वनस्पती टिकून आहेत तेथून रोपें आणून चिखलांत लावावयाचीं. कांहीं सर्वस्वी पाण्याखालीं राहणारीं, कांहीं पोवनासारखीं पानें वर तरंगविणारीं, कांहीं देवधानासारखीं कांठालगत उभीं राहणारीं. पुढें देशी मासे सोडावयाचे आणि पाहुणे मासे दूर ठेवावयाचे.

या माळ्यांची मुख्य अडचण निराळीच आहे. बाग त्यांची, पण वाफा त्यांचा नव्हे. मच्छीमार संस्थेस तळें ठेक्यानें मिळतें. मुदत सरली कीं पुन्हां हातीं येईलच असा भरंवसा नसतो. पाणवनस्पतींस मात्र स्थिरावण्यास वर्षें लागतात. भाड्याच्या घरांत आंब्याचें झाड लावणारा भाडेकरू आम्हीं तरी पाहिलेला नाहीं.

आम्हीही पदर व धोतरें खोंचून घोटाभर चिखलांत उतरलों. वहिनींनीं मोठ्या निगुतीनें लावलेलें रोप क्षणांत वर आलें आणि तरंगूं लागलें. शेजारच्या बाईनें हंसत तें उचललें, मुळाशीं चिखलाचा गोळा लावला व अंगठ्यानें खोल दाबून दिलें. परतीच्या गाडींत वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं विचारलें, अंगणांतल्या हौदांत पोवन जगेल का?